मापाचा चंबू आणि विहिरीचे पाणी

मापात पाप करू नये असे आपल्याकडे म्हणतात. हे म्हणण्याची पाळी का आली असेल, ते ज्यांनी जुना धान्यबाजार पाहिला आहे त्यांना सांगायला नको. अचलपूरच्या बाजारात एके काळी जवारी पायलीने आणि शेराने मोजत. घेणारा म्हणे, शीग लावून द्या. देणारा मापावरून हात फिरवी आणि माप सपाट करून टाकी. सगळी घासाघीस त्या वरच्या दोन बोटांच्या शिगेवर चाले. पुढे १९५६ साली नव्या वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला, आणि पायलीची शीग हळूहळू आठवणीतच राहिली.

आज मी ज्या मापाविषयी सांगणार आहे, त्याला शीग नाही आणि त्यावर हात फिरवायलाही जागा नाही. ते काचेचे आहे. खाली पेरूसारखे गोल पोट, बूड सपाट, वर लांब बारीक मान, आणि त्या मानेवर कोरलेली एकच एक रेघ. शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या वरच्या फळीवर अशी दोनतीन भांडी असतात. इंग्रजी पुस्तकात त्याला व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क म्हणतात. आपण त्याला मापाचा चंबू म्हणू. अकरावी-बारावीच्या मुलांना तो माहीत असतो, कारण ऑक्झॅलिक ॲसिडचे ३.१५ ग्रॅम स्फटिक तोलून त्यांचे २५० मिलिलिटर द्रावण करा, असा प्रयोग त्यांना असतोच. पण परीक्षा झाली की चंबू पुन्हा फळीवर जातो. तसे होऊ नये असे मला वाटते, आणि का वाटते ते सांगतो.

अचलपूर हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. इकडे, सापन नदीच्या अंगाला, डोंगरातून उतरणारे पाणी गोड असते. पण तुम्ही दक्षिणेकडे, दर्यापूरच्या बाजूला निघा. जसजशी पूर्णा जवळ येते, तसतशी जमीन काळी, खोल आणि चिकट होत जाते, आणि विहिरीच्या पाण्याची चव बदलते. हा आपला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, शेगाव, संग्रामपूर या भागांतल्या माणसांना त्याची ओळख करून द्यायला नको. या खोऱ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठसुद्धा काढीत असत. आता शहानूर धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नळयोजनेमुळे दर्यापूर-अंजनगाव भागातल्या पुष्कळ गावांना गोडे पाणी मिळाले आहे. तरीही विहिरी आहेत, बोअर आहेत. गुरे त्यांचे पाणी पितात, वावराला ते पाणी देतात, आणि नळ बंद पडला की माणसेही त्याच विहिरीवर जातात.

मग प्रश्न येतो, की या विहिरीचे पाणी किती खारे? त्या विहिरीचे किती? जिभेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅम क्लोराइड झाले की खारटपणा जाणवू लागतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण ज्याचा जन्म खाऱ्या पाण्यावर गेला त्याला ते गोडच लागते, आणि परतवाड्याहून गेलेला पाहुणा मात्र पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करतो. जीभ सवयीची आहे. आकडा हवा असेल तर मोजावे लागते, आणि मोजायचे तर सुरुवात या चंब्यापासून होते.

थोडी उलटी गंमत पाहा. फ्रान्समध्ये गे-ल्यूसॅक नावाचा मोठा रसायनशास्त्रज्ञ होऊन गेला. पॅरिसच्या टाकसाळीत चांदीची पारख करण्याचे काम त्याच्याकडे होते. नाण्यात चांदी किती आहे हे पाहण्यासाठी त्याने मिठाचे मोजून केलेले द्रावण वापरण्याची रीत १८३२ साली लिहून प्रसिद्ध केली. चांदी विरघळलेल्या पाण्यात मीठ पडले की पांढरा साका बसतो. साका बसायचा थांबला की किती मीठ लागले ते पाहायचे, आणि त्यावरून चांदी काढायची. आपण नेमके उलट करतो. आपल्याला मीठ मोजायचे आहे, म्हणून आपण चांदीचे मोजून केलेले द्रावण घेतो. सिल्व्हर नायट्रेट हा तो चांदीचा क्षार. पाण्यात पिवळ्या पोटॅशियम क्रोमेटचे थोडे थेंब घालायचे आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचे. जोवर पाण्यात क्लोराइड आहे तोवर चांदी त्याच्याशी जुळते आणि पांढरा साका बसतो. क्लोराइड संपले की पुढचा थेंब क्रोमेटशी जुळतो, आणि पिवळ्या पाण्यावर विटकरी छटा येते. तिथे थांबायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मोहर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ही युक्ती काढली, म्हणून तिला मोहरची रीत म्हणतात.

रीत सोपी आहे. पण चांदीचे द्रावण किती तीव्र आहे ते पक्के ठाऊक नसेल तर ब्युरेटवरचा आकडा काय सांगणार? पायलीच खोटी असेल तर खळ्यावरच्या राशीचा हिशेब जुळत नाही. द्रावणाच्या पायलीवर शिक्का मारणारे भांडे म्हणजे हा चंबू.

आता तो हातात घ्या. मान एवढी बारीक का, हे मुलांना विचारा. उत्तर घरातच आहे. रांजणात पेलाभर पाणी ओतले तर पातळी हलल्यासारखी वाटतसुद्धा नाही. तेच पाणी सुरईच्या गळ्याशी ओता, लगेच वर चढते. २५० मिलिलिटरच्या चंचुपात्रात पातळी एक मिलिमीटर चुकली तर तीनचार मिलिलिटरचा घोटाळा होतो, म्हणजे शंभरात दीड. त्याच मापाच्या चंब्याच्या मानेत एक मिलिमीटर चुकले तर मिलिलिटरचा पाचवा हिस्साही चुकत नाही. पोट माप धरते आणि मान ते माप दाखवते, अशी ही वाटणी आहे. चंचुपात्रावर १००, १५०, २०० अशा रेघा असतात, त्या अंदाजाच्या. त्यांच्यावर विसंबून द्रावण करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर एकदोन गुरुजीही पाहिले आहेत.

चंब्याच्या पोटावर बारीक अक्षरे असतात. ती वाचायची सवय ठेवा. २५० मि.लि. हे तर दिसतेच. शेजारी 'इन' अशी इंग्रजी अक्षरे असतील. त्यांचा अर्थ असा, की रेघेपर्यंत भरले असता आत मावलेले द्रव एवढे आहे. ओतून बाहेर पडेल ते एवढे नव्हे, कारण काचेला थोडे चिकटून राहतेच. पिपेटवर 'एक्स' असते, तिथे उलटा अर्थ. मग वर्ग, म्हणजे ए किंवा बी. ए वर्गाच्या २५० च्या चंब्यात पाव मिलिलिटरहूनही कमी, ०.१५ मिलिलिटर एवढीच चूक चालते. बी वर्गात त्याच्या दुप्पट. आणि शेवटी उष्णमान. युरोपातल्या चंब्यावर २० अंश लिहिलेले असते. आपल्याकडच्या बऱ्याच चंब्यांवर २७ अंश असते, कारण उष्ण देशांत प्रयोगशाळा वीस अंशांवर ठेवणे परवडत नाही हे मानके ठरवणाऱ्यांनी ओळखले. जुन्या कपाटात १९६४ च्या आधीचा चंबू सापडला आणि त्यावर घन सेंटीमीटर की मिलिलिटर असा प्रश्न पडला, तर झोप उडवून घेऊ नका. तेव्हाचा लिटर आजच्यापेक्षा ०.०२८ घन सेंटीमीटरने मोठा होता, बस्स.

द्रावण करू या. सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून २५० चा चंबू पुरे. ०.५९९ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट तोलून घ्या. त्याचे २५० मिलिलिटर केले, की त्यातला प्रत्येक मिलिलिटर बरोबर अर्धा मिलिग्रॅम क्लोराइड धरतो. हा आकडा मुद्दाम असा निवडलेला आहे, पुढचा हिशेब तोंडी व्हावा म्हणून.

तोललेले मीठ थेट चंब्यात टाकू नका. मानेला चिकटते, तळाशी गोळा होते, आणि ते हलवताना वेळ जातो. छोट्या चंचुपात्रात चाळीसेक मिलिलिटर शुद्ध पाणी घ्या, त्यात ते काचेच्या कांडीने विरघळवा. चंब्यावर नरसाळे ठेवा, आणि कांडीला टेकवून द्रावण ओता, म्हणजे धार बाहेर जात नाही. आता चंचुपात्र रिकामे दिसते. दिसते, पण असते का? तळाशी आणि कडांना मिलिलिटरभर द्रावण राहिलेच, आणि ते चाळीसातले एक आहे. म्हणजे तोललेल्यातला शंभरातला अडीच हिस्सा तिथेच राहिला. म्हणून चंचुपात्र थोड्या थोड्या पाण्याने तीन वेळा विसळा आणि प्रत्येक वेळचे विसळलेले पाणी चंब्यातच ओता. कांडी विसळा, नरसाळे विसळा. दुधाचे भांडे विसळून ते पाणी चहात घालणारी आपली आजी हेच करीत होती.

पाणी कोणते घ्यायचे ते सांगायचे राहिले. आपल्याला क्लोराइड मोजायचे आहे आणि नळाच्या पाण्यात क्लोराइड असतेच. तेव्हा ऊर्ध्वपातित पाणीच हवे. गॅरेजवर बॅटरीत घालायचे पाणी मिळते, ते पुष्कळदा चालते. पण आधी पारख करा. परीक्षानळीत ते घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. जराही दुधाळ झाले तर ते पाणी बॅटरीलाच राहू द्या.

चंबू दोनतृतीयांश भरला की मान धरून पोट गोल गोल फिरवा, म्हणजे आतले एकजीव होईल. या टप्प्यावर उलटा करायचा नाही. मग आणखी पाणी घाला, रेघेच्या खाली बोटभर थांबा. मिनिटभर जाऊ द्या, मानेवरचे थेंब खाली उतरू द्या. पुढचे ड्रॉपरने, थेंबाथेंबाने.

आणि आता डोळा. पाणी काचेला धरून कडेने वर चढते, त्यामुळे मानेतली पातळी वाटीसारखी खोलगट दिसते. त्या वाटीचा तळ रेघेला नुसता टेकला पाहिजे. चंबू हातात उंच धरू नका. तो टेबलावर ठेवा आणि स्वतः वाका. रेघ मानेभोवती पूर्ण कड्यासारखी कोरलेली का असते, ठाऊक आहे? डोळा बरोबर समपातळीत आला की पुढची आणि मागची रेघ एकावर एक येऊन एकच दिसते. दोन रेघा दिसत असतील तर डोळा वर आहे किंवा खाली आहे. वरून पाहणारा पाणी कमी भरतो, खालून पाहणारा जास्त भरतो. बुटकी मुले नेहमी जास्त भरतात आणि उंच मुले कमी. हा दोष मुलांचा नाही, टेबलाचा आहे. पायाखाली पाट द्या. मागे पांढरा कागद धरला आणि त्यावर रेघेच्या जरा खाली काळी पट्टी असली, तर वाटीचा तळ काजळाच्या रेघेसारखा स्पष्ट दिसतो. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तळ दिसतच नाही. तिथे वरची कड वाचतात.

थेंब जास्त पडला तर? पिपेटने वरचे थोडे काढून घेतले म्हणजे झाले, असे मुलांना वाटते. पण काढलेल्या पाण्याबरोबर मीठही निघून जाते. नियम असा, की द्रावण पुन्हा करायचे. मात्र सिल्व्हर नायट्रेटच्या बाबतीत मी जरा सौम्य आहे. ते टाकू नका. शुद्ध सोडियम क्लोराइड वाळवून ०.२०६ ग्रॅम तोला आणि दुसऱ्या चंब्यात त्याचे २५० मिलिलिटर करा. स्वयंपाकघरातले मीठ नको, त्यात ओल असते आणि इतरही काही असते. या मिठाच्या २५ मिलिलिटरला तुमच्या चांदीच्या द्रावणाचे २५ लागायला हवेत, रंग दिसण्यापुरता अगदी थोडा भाग वर. २५ च्या जागी २५.३ लागले तर तुमचे द्रावण किती पातळ झाले ते कळले, आणि तसा हिशेब धरता येतो. खरे तर चूक झाली नसली तरी ही ताडणी करावीच.

रेघ गाठली. आता बूच लावा, अंगठ्याने दाबून धरा आणि चंबू उलटा करा. बुडबुडा पोटात चढू द्या, मग सुलटा करा. असे निदान पंधरा-वीस वेळा. हीच पायरी मला तुम्हाला सर्वांत आग्रहाने सांगायची आहे, कारण तिथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. खारपाणपट्ट्यातल्या एका गावचे दोन कास्तकार शाळेत दोन बाटल्या घेऊन आले. एक जुन्या विहिरीचे पाणी, दुसरे नव्या बोअरचे. गावाने वर्गणी काढून टाकी आणि पाइप टाकायचे ठरवले होते. "गुरुजी, दोहीतलं कोनतं पानी बरं, तेवढं सांगजा," एवढेच त्यांचे म्हणणे. मला आनंद झाला. मुलांना गोळा केले, चंबू मीच भरला, रेघ अगदी काटेकोर पाळली, वाकून डोळा लावला. मुलांना रेघ दाखवण्याच्या आणि समजावण्याच्या नादात चंबू उलटासुलटा करायचे राहून गेले. ब्युरेट भरली. पहिल्या बाटलीच्या ५० मिलिलिटरला ३४ लागले. ब्युरेट पुन्हा भरली. दुसऱ्या बाटलीला २७. निकाल उघड होता, बोअरचे पाणी कमी खारे. पाहुणे उठून निघालेसुद्धा. तेवढ्यात एका मुलीने हट्ट धरला, की पहिली बाटली पुन्हा लावू द्या, माझी पाळी आलीच नाही. तिला २२ लागले.

एकच पाणी, एकच द्रावण, एकदा ३४ आणि एकदा २२! मी त्या दोघांना खाली बसवले आणि चहा मागवला. मग चूक ध्यानात आली. जड द्रावण खाली होते आणि शेवटी घातलेले पाणी वर मानेशी होते. पहिल्या ब्युरेटमध्ये वरचे पातळ आले, म्हणून जास्त लागले. नंतरच्या ब्युरेटमध्ये खालचे तीव्र आले, म्हणून कमी लागले. नवे द्रावण केले, वीस वेळा उलटेसुलटे केले. विहिरीच्या पाण्याला २६.२ लागले आणि बोअरच्या पाण्याला ३१.२. निकाल फिरला. म्हणजे गावाने वर्गणीचे पाइप अधिक खाऱ्या पाण्याला जोडले असते, आणि तेही शाळेच्या शब्दावर. त्या मुलीला मी शाबासकी दिली, पण खरे तर तिचे आभार मानायला हवे होते. नंतर ते राहून गेले.

उलटेसुलटे केल्यावर आणखी एक मोह होतो. चंबू सुलटा करून ठेवला की पातळी रेघेच्या खाली गेलेली दिसते. मुले लगेच ओरडतात, "सर, कमी झालं!" आणि ड्रॉपर उचलतात. हात धरा त्यांचा. काही कमी झालेले नाही. थोडे द्रावण बुचाला आणि मानेला लागले आहे, आणि ते द्रावण आहे, नुसते पाणी नाही. उरलेल्याची तीव्रता आहे तीच आहे. आता थेंब टाकला तर मात्र ती बिघडेल. रेघ एकदाच गाठायची असते. ती गाठून झाली की पुन्हा तिच्याकडे पाहायचेच नाही.

आता आपल्या वऱ्हाडच्या उन्हाविषयी. अकोला-अमरावतीला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत काय होत असेल ते तुम्ही जाणता. काच फारशी फुगत नाही. लिटरच्या चांगल्या चंब्यात १८ अंशांच्या फरकाने मिलिलिटरचा पाचवा हिस्सा वाढेल. पाणी मात्र फुगते. २७ अंशांना रेघेपर्यंत भरलेल्या लिटरच्या चंब्यात जेवढे पाणी मावते, त्यापेक्षा ४५ अंशांना सहा ग्रॅमने कमी मावते. दुपारी ४२ अंशांत केलेले द्रावण दुसऱ्या दिवशी सकाळी २७ अंशांत वापरले तर ते शंभरात अर्ध्याने तीव्र झालेले असते. विहिरीच्या कामाला एवढ्याने बिघडत नाही. ३१० च्या जागी ३०८-३०९ येईल. पण बारावीच्या मुलाने २५.० आणि २५.१ यांवरून रडारड केली तर त्याला हे कारण सांगा. उन्हाळ्यात द्रावण सकाळच्या शाळेत करावे, आणि लेबलावर तारखेबरोबर त्या वेळचे उष्णमानही लिहावे.

खरे नुकसान होते ते द्रावण गरम असताना भरण्याने. कॉस्टिक सोडा विरघळताना पाणी चांगले तापते. सल्फ्युरिक ॲसिड पाण्यात घालताना तर विचारूच नका (आणि ॲसिड पाण्यात घालायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही). अशा साठ अंशांच्या द्रावणाने २५० चा चंबू रेघेपर्यंत भरला, तर गार झाल्यावर पातळी तीन मिलिलिटरहून अधिक खाली बसेल. म्हणून चंचुपात्रात विरघळवा, खोलीइतके गार होऊ द्या, मग चंब्यात ओता. चंबू दिव्यावर धरू नये, भट्टीत वाळवू नये. उपडा करून निथळू द्यावा, तेवढे पुरते. नाहीतरी त्यात पाणीच जायचे आहे, आतून कोरडा असण्याची गरज नाही. कॉस्टिक सोड्याचे द्रावण चंब्यात साठवून ठेवू नका. ते काच खाते, बूच अडकते, आणि मग बूच काढताना मान हातात येते. प्रत्येक चंब्याचे बूच वेगळे. ते दोऱ्याने मानेला बांधून ठेवा, नाहीतर शंभराचे बूच अडीचशेला बसवून उलटे करताना सदरा ओला होतो.

आपला चंबू खरा आहे की नाही, हे पाहण्याची सोयही शाळेत आहे. १०० मिलिलिटरचा चंबू घ्या. त्याहून मोठा नको, कारण शाळेच्या रासायनिक तराजूला फार वजन झेपत नाही. हा चंबू मात्र आतून पूर्ण कोरडा हवा. तो रिकामा तोला, मग शुद्ध पाणी रेघेपर्यंत भरून तोला. आतल्या पाण्याचे वजन शंभर ग्रॅम यायला हवे, असे वर्गातली हुशार मुलेसुद्धा सांगतील. ते येत नाही. पाण्याचे उष्णमान २७ असेल तर वजन सुमारे ९९.५५ ग्रॅम येते, ३५ असेल तर ९९.३०, आणि ४० असेल तर ९९.१२ च्या आसपास. यात पाणी फुगण्याचा भाग आहे, आणि हवा पाण्याला जरा वर उचलून धरते त्याचाही. वर्गात हा प्रयोग जरूर करा. पुस्तकातला एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम हा हिशेब कुठवर खरा आहे, ते मुलांना स्वतःच्या हातांनी कळते.

चंबू आतून तेलकट असेल तर पाणी मानेवर थेंबाथेंबाने अडकते आणि पातळी खोटी दिसते. साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा. जुन्या पुस्तकांत क्रोमिक ॲसिडने धुण्याची रीत दिली आहे, ती सोडून द्या, ते विषारी आहे. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर तो पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने निघतो. पण मग शुद्ध पाण्याने पाचसहा वेळा विसळा, नाहीतर तेच क्लोराइड पुढच्या तपासणीत तुमच्यापुढे उभे राहील.

आता हिशेब. ५० मिलिलिटर पाण्याला चांदीचे द्रावण किती मिलिलिटर लागले ते पाहा. नुसत्या शुद्ध पाण्याला रंग यायला जे लागते, साधारण ०.२, ते त्यातून वजा करा. राहील त्याला दहाने गुणा, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्लोराइड ते मिळाले. मघाच्या विहिरीचे २६.२ होते. वजाबाकी करून २६, म्हणजे लिटरमागे २६० मिलिग्रॅम. बोअरचे ३१०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे, क्लोराइड २५० पर्यंत असावे आणि दुसरा मार्गच नसेल तर १००० पर्यंत चालेल असे म्हटले आहे. पाणी फार खारे असेल तर ब्युरेट अपुरी पडते. तेव्हा १० मिलिलिटर पाणी पिपेटने घेऊन ते १०० च्या चंब्यात रेघेपर्यंत शुद्ध पाण्याने भरा, पुन्हा वीस वेळा उलटेसुलटे करा, आणि उत्तर दहापट करा. चंबू इथे दुसऱ्यांदा कामाला आला.

एक गोष्ट गावकऱ्यांना स्पष्ट सांगा. क्लोराइड कमी म्हणजे पाणी पिण्याजोगे, असे समजू नये. फ्लोराइड, नायट्रेट आणि रोगजंतू हे वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची तपासणी जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेतच व्हायला हवी. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही तक्रार पाण्याच्या जडपणाची. त्याची रीत वेगळी आहे, पण तिचेही द्रावण याच चंब्यात होते. हल्ली खिशात मावणारी विजेची यंत्रे मिळतात. पाण्यात बुडवली की क्षारांचा आकडा दाखवतात. छान आहेत, वापरा. मात्र त्यांच्याबरोबर एक छोटी बाटली येते, त्यातल्या द्रावणाशी यंत्र ताडून घ्यायचे असते. ते द्रावणही कुणीतरी कुठेतरी माप धरून, रेघेपर्यंत भरूनच केलेले असते.

उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी आणि दिवाळीनंतर, अशा दोन वेळा गावातल्या त्याच त्या विहिरींचे पाणी मुलांना आणायला सांगा. बाटली आधी त्याच पाण्याने विसळलेली असावी, आणि बाटलीवर विहिरीची खूण, तारीख आणि आणणाऱ्याचे नाव असावे. प्रत्येक पाणी दोनदा लावा, आणि शेवटी पहिली बाटली पुन्हा एकदा. चांदीचे द्रावण तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवा. हाताला लागले तर काळे डाग पडतात आणि ते आठवडाभर जात नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे घरून निरोप येणार नाहीत. पिवळे क्रोमेट विषारी आहे, ते पिपेटमध्ये तोंडाने ओढू देऊ नका. आणि उरलेला पांढरा साका मोरीत ओतू नका, एका बरणीत साठवा. त्यात चांदी आहे.